लहान उद्योगास सरकारी साहाय्य : अनुदान, कर्ज आणि हमी



गेल्या दिवाळींत माझी एक मावसबहीण भाऊबीजेस आमच्या घरीं आली होती. सातारा जिल्ह्यांतील एका खेड्यांत तिचें सासर आहे. सहा वर्षें तिनें दुसऱ्याच्या मसाल्याच्या कारखान्यांत काम केलें. मिरची कोणत्या महिन्यांत घ्यावी, धने किती भाजावे, गोडा मसाला किती दिवस टिकतो, हें सारें तिला तोंडपाठ आहे. आतां स्वतःचा लहानसा कारखाना काढावा असें तिच्या मनांत आलें आहे. ओवाळणी झाली, फराळ झाला, आणि मग तिनें हळूच विचारलें, "दादा, सरकार शंभरांतले पस्तीस रुपये देतें म्हणतात, तें खरें कां? आणि त्यासाठीं घराचे कागद बँकेंत ठेवावे लागतात, तेंहि खरें कां?"

घरांत लगेच दोन पक्ष पडले. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, सरकार पैसे वाटतच आहे, तेव्हां मागेंपुढें न पाहतां घेऊन टाकावे. दुसऱ्याचें म्हणणें असें कीं, सरकारी कर्ज म्हणजे कचेरीचे खेटे, मध्यस्थाची दक्षिणा आणि शेवटीं घरावर जप्ती. त्यापेक्षां आहे ती नोकरी बरी. दोन्ही पक्ष तावातावानें बोलले. परंतु हे पस्तीस रुपये कशावर मिळतात, ते कोण देतो, केव्हां देतो, आणि उरलेल्या पासष्टांचें काय, हें कोणासच नीट सांगतां आलें नाहीं. अशीं घरें महाराष्ट्रांत पुष्कळ असतील. म्हणून हाच हिशेब आज आपणांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे.

प्रथम प्रश्न असा कीं, एखाद्याच्या खासगी धंद्यास सरकारनें पैसा पुरवावाच कां? याचें उत्तर सावकारीच्या जुन्या रीतींत आहे. कर्ज देणारा दोन गोष्टी पाहतो : घेणाऱ्याजवळ तारण काय आहे, आणि पूर्वीं घेतलेलें कर्ज त्यानें फेडलें आहे कीं नाहीं. ज्याच्या हातीं कसब आहे, पण नांवावर जमीनजुमला नाहीं आणि पूर्वीं कधीं कर्ज घेतलेलें नाहीं, तो या दोन्ही परीक्षांत नापास होतो. त्याचा धंदा चांगला चालला असता, चार माणसांस काम मिळालें असतें, गांवचा माल गांवांतच खपला असता. परंतु हें सारें बँकेच्या वहींत कोठेंच नोंदलेलें नसतें. जो फायदा साऱ्या गांवाचा आहे, त्याची जोखीम एकट्या बँकेनें कां पत्करावी, असें बँक म्हणते. आणि तिच्या बाजूनें पाहिलें तर तें खोटेंहि नाहीं. ही जी दरी राहते, ती बुजविण्याचें काम सरकार आपल्याकडे घेतें.

ही कल्पना आजची नाहीं. सर टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखालीं १९१६ सालीं नेमलेल्या औद्योगिक कमिशननें १९१८ सालीं आपला अहवाल दिला, आणि देशी उद्योगांस सरकारनें हात द्यावा असें सुचविलें. मद्रास इलाख्यांत उद्योगांना सरकारी साहाय्य देण्याविषयींचा १९२२ चा कायदा त्यानंतर झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ सालीं इंडस्ट्रियल फायनान्स कॉर्पोरेशन निघालें. तें मुख्यतः मोठ्या कारखान्यांसाठीं होतें. लहान व मध्यम उद्योगांकरितां प्रत्येक राज्यास स्वतंत्र महामंडळ काढतां यावें, म्हणून १९५१ सालीं वेगळा कायदा करण्यांत आला. १९६९ च्या जुलै महिन्यांत चौदा मोठ्या बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें, आणि लहान उद्योजकास कर्ज देणें हें बँकांचें कर्तव्य मानलें जाऊं लागलें. १९९० सालीं लघुउद्योगांसाठीं सिडबी ही स्वतंत्र बँक स्थापन झाली. आपल्या राज्यापुरतें बोलावयाचें तर, मुंबई-ठाणें-पुणें या पट्ट्यांतच कारखाने दाटूं लागले, तेव्हां ते बाहेरच्या जिल्ह्यांत जावेत म्हणून महाराष्ट्र सरकारनें १९६४ सालीं प्रोत्साहनांची एक सामुदायिक योजना सुरू केली. खेड्यास अधिक व शहरास कमी, हें तत्त्व आपणांस पुढें पुन्हां भेटणार आहे. त्याचें मूळ अशा धोरणांत आहे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. सरकारी साहाय्याच्या योजनांचीं नांवें पुष्कळ आहेत, आणि तीं ऐकून मनुष्य गोंधळून जातो. परंतु नांवें बाजूस ठेवलीं, तर साहाय्याचे प्रकार चारच उरतात. पहिला प्रकार अनुदानाचा. ही रक्कम अटी पाळल्यास परत करावी लागत नाहीं. दुसरा कर्जाचा, ही रक्कम व्याजासह परत करावीच लागते. तिसरा हमीचा, यांत घेणाऱ्याच्या हातीं एक पैहि येत नाहीं, पण त्याच्यासाठीं बँकेस भरंवसा दिला जातो. आणि चौथा व्याजांतील सवलतीचा. यांत मुद्दल ज्याचें त्यानें फेडावयाचें, व्याजाचा कांहीं भार मात्र सरकार उचलतें. कोणतीहि योजना पुढें आली कीं, प्रथम विचारावें : "ही या चारांपैकीं कोणती?" एवढ्या एका प्रश्नानें निम्मा गोंधळ दूर होतो.

माझ्या बहिणीनें विचारलेले पस्तीस रुपये हे अनुदान आहे. २००८ सालीं केंद्र सरकारनें दोन जुन्या योजना एकत्र करून पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू केला. खादी व ग्रामोद्योग आयोगाकडे त्याची देशव्यापी व्यवस्था सोंपविली, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून खादी मंडळ व जिल्हा उद्योग केंद्र यांनाहि त्यांत सामील केलें. २०२१-२२ ते २०२५-२६ या पांच वर्षांसाठीं त्यास मंजुरी देतांना जे नियम २०२२ सालीं सुधारले, ते असे : वस्तु बनविण्याच्या धंद्यास ५० लाख रुपयांपर्यंतचा, व सेवेच्या धंद्यास २० लाख रुपयांपर्यंतचा खर्च धरतां येतो. सर्वसाधारण अर्जदारास शहरांत खर्चाच्या शेंकडा १५ व ग्रामीण भागांत शेंकडा २५ अनुदान. स्त्रिया, अनुसूचित जाति व जमाति, इतर मागासवर्ग, अल्पसंख्य, माजी सैनिक, दिव्यांग इत्यादिकांना शहरांत शेंकडा २५ व ग्रामीण भागांत शेंकडा ३५. पहिल्या वर्गानें स्वतःचे शेंकडा १० घालावयाचे, दुसऱ्यानें शेंकडा ५. पंचायतीच्या कक्षेंतील भाग तो ग्रामीण, आणि नगरपालिकेच्या हद्दींतील तो शहरी.

नुसते आंकडे ऐकून समाधान होत नाहीं, म्हणून एक उदाहरण घेऊं. समजा, माझ्या बहिणीच्या मसाल्याच्या कारखान्यास एकंदर १० लाख रुपये लागतात. यंत्रें व त्यांची उभारणी यांस ७ लाख, आणि खेळतें भांडवल ३ लाख. ती स्त्री आहे व गांव ग्रामीण आहे. तेव्हां तिनें स्वतःचे घालावयाचे ५० हजार, आणि बँकेनें द्यावयाचे साडेनऊ लाख. सरकारी अनुदान साडेतीन लाख. आतां ऐकणाऱ्याची समजूत अशी होते कीं, हे साडेतीन लाख तिच्या हातीं पडतील. तसें होत नाहीं. बँक आधीं स्वतःचें कर्ज मंजूर करून देऊं लागते, आणि मग सरकारकडून अनुदानाची रक्कम मागवून घेते. ती आली म्हणजे कर्जदाराच्या नांवानें मुदत ठेवींत तीन वर्षें बांधून ठेवते. या ठेवीवर बँक व्याज देत नाहीं, आणि कर्जाच्या तेवढ्याच भागावर व्याज घेतहि नाहीं. तीन वर्षें धंदा चालला, तपासणींत तो जागेवर उभा असलेला दिसला, म्हणजे ती ठेव कर्जांत जमा होते.

अर्थात् व्याज चालू राहतें तें साडेनऊ लाखांवर नसून ६ लाखांवर. हिशेबाच्या सोयीसाठीं व्याजाचा दर दरसाल दर शेंकडा १२ धरूं, आणि फेड पांच वर्षांची धरूं. मग ६ लाखांचा मासिक हप्ता सुमारें १३,३५० रुपये होतो. अनुदान नसतें, तर साडेनऊ लाखांचा हप्ता सुमारें २१,१३० रुपये झाला असता. अनुदानाचें खरें स्वरूप हें असें आहे. तें दिवाळीच्या ओवाळणीसारखें ताटांत पडत नाहीं; दरमहाच्या ओझ्यांतून सुमारें पावणेआठ हजार रुपये उचलून घेतें. ज्यानें अनुदान हातीं येईल या आशेवर मुलीचें लग्न किंवा घराची दुरुस्ती ठरविली, त्याची फसगत ठरलेलीच.

हाच कारखाना तिनें पुणें शहरांत काढला तर? अनुदान शेंकडा २५, म्हणजे अडीच लाख. व्याज लागणारें कर्ज ७ लाख. हप्ता सुमारें १५,५७० रुपये. खेड्यांत राहिल्यानें महिन्यास सुमारें २,२०० रुपये वांचतात. परंतु तिचा माल जर सगळाच पुण्यांत खपणार असेल, आणि तो आणण्याचें भाडें महिन्यास तीन हजार रुपये होत असेल, तर खेड्याचें अधिक अनुदान वाटखर्चांतच गेलें असें समजावें. अनुदान अधिक कोठें मिळतें, हा प्रश्न दुसरा. धंदा कोठें चालतो, हा पहिला.

या कार्यक्रमाच्या कांहीं अटी अशा आहेत कीं, त्या न कळल्यामुळें चांगले अर्ज बाद होतात. वय अठरा वर्षांहून अधिक असावें लागतें. वस्तु बनविण्याच्या धंद्याचा खर्च १० लाखांवर, किंवा सेवेच्या धंद्याचा ५ लाखांवर गेला, तर अर्जदार निदान आठवी उत्तीर्ण पाहिजे. पति व पत्नी मिळून एक कुटुंब धरतात, आणि एका कुटुंबांत एकासच लाभ मिळतो. जमिनीची किंमत खर्चांत धरतां येत नाहीं. विडी, सिगारेट, दारू अशा मादक पदार्थांच्या धंद्यांस थारा नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाची अट ही कीं, धंदा नवा पाहिजे. उत्साहाच्या भरांत आधीं यंत्र घेतलें, धंदा सुरू केला, आणि मग अर्ज केला, तर तो जुना धंदा ठरून अनुदान हातचें जातें. क्रम असा : आधीं अर्ज, मग मंजुरी, मग खरेदी. कर्ज घेऊन धंदा उभाच केला नाहीं, किंवा पैसा दुसरीकडे वळविला, तर अनुदान परत जातें आणि कर्ज तेवढें डोक्यावर राहतें, हेंहि ध्यानांत ठेवावें.

याच धर्तीवर महाराष्ट्र सरकारनें २०१९ सालीं मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू केला. त्याची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रांत करावी. अशा सर्व योजनांचे आंकडे व मुदती सरकारी आदेशांनीं बदलत असतात. म्हणून शेजाऱ्याला काय मिळालें यावर विसंबूं नये. अर्ज ज्या वर्षीं करावयाचा, त्या वर्षींचा आदेश पाहून मगच गणित मांडावें.

आतां दुसरा प्रकार, निव्वळ कर्जाचा. याचें सर्वांस परिचित उदाहरण म्हणजे ८ एप्रिल २०१५ रोजीं सुरू झालेली मुद्रा योजना. ५० हजारांपर्यंतचें कर्ज तें शिशु. त्यापुढें ५ लाखांपर्यंतचें किशोर. आणि १० लाखांपर्यंतचें तरुण. ज्यांनीं तरुण वर्गाचें कर्ज घेऊन नीट फेडलें, त्यांच्यासाठीं २०२४ सालीं २० लाखांपर्यंतचा आणखी एक वर्ग जोडला गेला. नांवें बाळबोध आहेत, आणि त्यांचा अर्थहि तसाच. धंदा जसजसा वाढेल, तसतसें कर्ज वाढावें. मुद्रेसंबंधीं दोन गैरसमज फार पसरले आहेत. एक, मुद्रा नांवाची बँक कोठें तरी असून तेथें जाऊन पैसे मिळतात. तसें नाहीं, मुद्रा ही संस्था कर्जदारास थेट पैसा देत नाहीं, कर्ज देणाऱ्या बँकांना व संस्थांना ती पाठीमागून पुरवठा करते. अर्ज आपल्या नेहमींच्याच बँकेंत करावयाचा असतो. दुसरा गैरसमज असा कीं, मुद्रेंत कांहीं रक्कम माफ होते. मुद्रा योजनेंत अनुदान नाहीं. घेतलेला प्रत्येक रुपया व्याजासह परत करावयाचा आहे.

मग यांत सरकारचें साहाय्य तें कोणतें? तें तारणाच्या बाबतींत. येथें माझ्या बहिणीच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर येतें. सूक्ष्म व लघु उद्योगांस १० लाखांपर्यंतचें कर्ज देतांना बँकांनीं तारण मागूं नये, अशी आज्ञा रिझर्व्ह बँकेनें २०१० सालीं केली. तेव्हां एवढ्या कर्जास घराचे कागद ठेवण्याचें कारण नाहीं. मात्र कर्जाच्या पैशांतून घेतलेलीं यंत्रें व माल बँकेकडे नजरगहाण राहतात. वस्तु तुमच्या ताब्यांत, तुम्ही ती वापरावी. पण बँकेस न कळवितां विकूं नये, असा त्याचा अर्थ. घर वेगळें आणि धंद्याची वस्तु वेगळी, हा भेद ज्यांस कळत नाहीं, ते एक तर उगाच भितात, नाहीं तर उगाच निश्चिंत राहतात.

तारणावांचून बँक तयार कशी होते? तर तिसऱ्या प्रकारामुळें, म्हणजे हमीमुळें. २००० सालीं भारत सरकार व सिडबी यांनीं मिळून लहान उद्योगांच्या कर्जांस हमी देणारा एक न्यास स्थापन केला. त्याच्या हमींत बसणाऱ्या कर्जाची मर्यादा २०२३ च्या एप्रिलपासून ५ कोटि, आणि २०२५ च्या एप्रिलपासून १० कोटि रुपये करण्यांत आली. मुद्रा कर्जांसाठीं असाच एक स्वतंत्र हमीनिधि आहे. कर्ज बुडालें, तर बुडालेल्या रकमेचा ठरलेला भाग हा न्यास बँकेस भरून देतो. त्याबद्दल दरसाल कांहीं शुल्क घेतो, आणि तें बहुधा कर्जदारावरच बसतें.

येथें मला श्रोत्यांना विशेष सावध करावयाचें आहे. "सरकारची हमी आहे," असें म्हटलें कीं, कर्जदारास वाटतें, आपली हमी सरकारनें घेतली. आपण अडलों तर सरकार फेडील. हमी बँकेस दिलेली असते, कर्जदारास नव्हे. न्यासानें बँकेचें नुकसान भरून दिलें, म्हणून कर्जदाराचें देणें संपत नाहीं. वसुली पुढें चालूच राहते, आणि थकबाकीची नोंद कर्जदाराच्या नांवावर पडते. त्यानंतर घरासाठीं, मुलांच्या शिक्षणासाठीं, कोणत्याहि कारणासाठीं तो बँकेच्या दारांत गेला, तर ही नोंद त्याच्या आधीं तेथें जाऊन बसलेली असते. घराचे कागद दिले नाहींत हें खरें. परंतु पत नांवाची जी अदृश्य मालमत्ता आहे, ती गहाण पडलेलीच असते.

चौथा प्रकार व्याजाच्या सवलतीचा. याचीं दोन उदाहरणें आपल्या रोजच्या पाहण्यांतलीं आहेत. २०२० सालीं साथीच्या टाळेबंदीनें हातगाडीवाले व फेरीवाले यांचे धंदे बसले. त्यांच्यासाठीं १ जून २०२० रोजीं स्वनिधि योजना निघाली. प्रथम १० हजार रुपयांचें कर्ज, तें फेडल्यास २० हजार, तें फेडल्यास ५० हजार, आणि वेळेवर फेडणारास व्याजांत शेंकडा ७ ची सूट. २०२५ सालीं पहिल्या दोन पायऱ्या १५ हजार व २५ हजार अशा वाढविल्या, आणि योजनेची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत नेली. दुसरें उदाहरण १७ सप्टेंबर २०२३ रोजीं सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेचें. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, शिंपी, न्हावी, परीट अशा अठरा पारंपरिक व्यवसायांना ती लागू आहे. प्रथम शिक्षण, मग हत्यारांसाठीं १५ हजार रुपये, आणि शेंकडा ५ व्याजानें आधीं १ लाख व तें फेडल्यावर २ लाख रुपये, अशी तिची रचना आहे. महाराष्ट्रांत अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाकडूनहि, बँकेचे हप्ते वेळेवर भरणाऱ्या पात्र तरुणांस व्याजाचा परतावा मिळतो. या सर्वांत एक समान सूत्र दिसेल. आधीं थोडें द्यावयाचें, तें फिटलें तर अधिक द्यावयाचें, आणि सवलत वेळेवर फेडणारासच द्यावयाची. ज्याजवळ तारण नाहीं, त्यानें आपल्या वर्तनानें तारण निर्माण करावें, असा याचा हेतु आहे.

इतकें सारें ऐकून माझी बहीण म्हणाली, "म्हणजे यंत्राची सोय झाली. आतां काय उरलें?" उरलें तेंच कठीण आहे, श्रोतेहो. माझ्या पाहण्यांत जे लहान धंदे बुडाले, ते यंत्र नव्हतें म्हणून बुडाले नाहींत. यंत्र होतें, गिऱ्हाईकहि होतें, पण हातांत पैसा नव्हता. खेळत्या भांडवलाचा अंदाज चुकला कीं असें होतें. पुन्हां मसाल्याचेंच उदाहरण घेऊं. समजा, महिन्यास १ लाख रुपयांचा कच्चा माल लागतो. एक महिन्याचा माल कोठारांत ठेवावा लागतो. पंधरा दिवसांचा तयार मसाला पुड्यांत पडून असतो. दुकानदार पैसे देतो पंचेचाळीस दिवसांनीं. एक, अर्धा आणि दीड मिळून तीन महिने झाले. म्हणजे ३ लाख रुपये सतत वाटेंत अडकलेले असतात. मीं वर खेळत्या भांडवलासाठीं ३ लाख धरले, ते यासाठींच.

परंतु मिरचीचा हंगाम असतो. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत नवी मिरची बाजारांत येते. पावसाळ्यांत ओल धरते आणि भावहि चढतो. शहाणा कारखानदार हंगामांत तीन महिन्यांचा माल भरून ठेवूं पाहतो. मग हेच तीन महिने पांच होतात, आणि ३ लाखांचे ५ लाख. हे जास्तीचे २ लाख अर्जांत धरले नसतील, तर ते कोठून येतील? हातउसने, दागिने, नाहीं तर गांवचा सावकार. सरकारनें साडेतीन लाखांचें ओझें उचललें, आणि आपण सावकाराचें दोन लाखांचें डोक्यावर घेतलें, असा प्रकार होतो. यासाठीं अर्ज करण्यापूर्वीं पैसा कोठें, किती दिवस अडकणार, हें कागदावर मांडावें. आणि सारा माल हंगामांतच भरण्याइतकें बळ नसेल, तर थोडा भरावा, पण उधारीनें भरूं नये.

पैसे थकविणाऱ्या दुकानदाराविरुद्ध कायदा आहे, हेंहि पुष्कळांस ठाऊक नसतें. २००६ सालच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणें, नोंदलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाच्या मालाचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आंत दिले पाहिजेत. लेखी करार केला, तरी त्यांत याहून अधिक मुदत घालतां येत नाहीं. उशीर झाल्यास बँकदराच्या तिप्पट दरानें चक्रवाढ व्याज लागू होतें. मात्र त्यासाठीं आपल्या उद्योगाची नोंद झालेली असली पाहिजे. ही नोंद १ जुलै २०२० पासून उद्यम या नांवानें संगणकावरून होते, आणि तिला एक पैहि लागत नाहीं.

शेवटचा मुद्दा मध्यस्थांचा. अर्ज सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य भरतां येतो. उद्यमची नोंद विनामूल्य. जिल्हा उद्योग केंद्रांतील सल्ला विनामूल्य. तरीहि "तुमचें प्रकरण मी मंजूर करून देतो, अनुदानाचे इतके टक्के मला द्या," असें म्हणणारे लोक सर्वत्र भेटतात. कर्ज मंजूर करणें सर्वस्वीं बँकेच्या हातीं असतें. तें मंजूर करण्याचा अधिकार बाहेरच्या कोणासहि नाहीं. हिशेब लिहून घेण्यासाठीं एखाद्या जाणत्या लेखापालास योग्य मोबदला द्यावा, यांत वावगें कांहीं नाहीं; परंतु मंजुरी विकणाऱ्याच्या हातीं कागद देऊं नयेत. शिवाय परक्यानें लिहिलेला हिशेब घेऊन बँकेंत गेलेल्या मनुष्यास व्यवस्थापक पहिलाच प्रश्न विचारतो, "महिन्यास किती किलो खपेल?" आणि त्याचें उत्तर कागदांत पाहून द्यावें लागलें, तर प्रकरण तेथेंच संपतें.

तर मग सरकारी साहाय्य घ्यावें कीं न घ्यावें? माझी कसोटी सोपी आहे. वर्षांतला सर्वांत मंद महिना डोळ्यांपुढें आणावा. मसाल्याच्या बाबतींत तो भर पावसाळ्यांतला असेल. त्या महिन्याची विक्री धरून मजुरी, वीज, भाडें व घरखर्च वजा करावा. उरलेल्या रकमेंतून हप्ता निघत असेल, तर निर्धास्तपणें अर्ज करावा. सरकारनें देऊं केलेला हात नाकारण्यांत कांहीं पुरुषार्थ नाहीं. हप्ता निघत नसेल, तर धंदा आणखी लहान करून पाहावा. १० लाखांऐवजीं ५ लाखांचा, ५ लाखांऐवजीं एका यंत्राचा. आणि अनुदान मिळतें एवढ्याच कारणासाठीं धंदा काढावयाचा असेल, तर तो मुळींच काढूं नये. अनुदान एकदांच मिळतें. हप्ता साठ महिने येतो.

माझी बहीण दुसऱ्या दिवशीं परत जाण्यास निघाली, तेव्हां तिच्या पिशवींत फराळाच्या डब्याबरोबर हिशेबाचा एक कागद होता. घराचे कागद मागावे लागणार नाहींत, हें कळल्यानें तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. पण साडेतीन लाख हातीं पडणार नाहींत, हें कळल्यानें ती अधिक गंभीरहि झाली होती. आतां ती आसपासच्या बाजारपेठांतील दुकानदारांकडे जाऊन विचारीत आहे, "तुम्ही महिन्यास किती किलो घ्याल, आणि पैसे केव्हां द्याल?" या दोन प्रश्नांचीं उत्तरें हातीं आल्यावरच ती अर्ज करणार आहे. तो मंजूर होवो वा न होवो. पण ज्या क्रमानें तिनें आरंभ केला आहे, तो बरोबर आहे, असें मला वाटतें. आपल्याहि घरीं असा प्रश्न आला, तर आरंभ येथूनच करावा.